नायजेरिया : वाटणीचे राज्य

२९ मे २०२३ रोजी राजधानी अबुजाच्या ईगल स्क्वेअरवर बोला अहमद टिनुबू यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली आणि पहिल्याच भाषणात पेट्रोलवरची सबसिडी संपल्याचे सांगून टाकले. संध्याकाळपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. दोन दिवसांत सरकारी तेल कंपनीने लिटरचा भाव दोनशे नायराच्या आतून पाचशेच्या आसपास नेला. पंधरवड्याने चलनाचा दरही बाजारावर सोडला गेला. तोवर एका डॉलरला ४६०-४७० नायरा पडत होते, पुढच्या फेब्रुवारीत ते १,५०० च्या वर गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पेट्रोलने हजार नायराचा टप्पा गाठला. आफ्रिकेतील सर्वांत मोठ्या तेलउत्पादकांपैकी हा एक देश. त्याच्या निर्यातीत निम्म्याहून बराच जास्त वाटा तेल आणि वायूचा. आणि तिथला रिक्षावाला पेट्रोल परवडत नाही म्हणून रिक्षा उभी करून ठेवतो.

या विसंगतीचे उत्तर बहुधा एका शब्दात दिले जाते : भ्रष्टाचार. ते खोटे नाही, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. चोऱ्या इतरत्रही होतात, आणि तिथे रस्ते, वीज, शाळा कशाबशा उभ्या राहतात. नायजेरियाची गोम माझ्या मते वेगळीच आहे. तिथल्या राज्याला गेली पन्नास वर्षे लोकांकडे कर मागायची फारशी गरजच पडलेली नाही. पैसा जमिनीखालून येतो, कंपन्यांमार्फत येतो, राजधानीत जमा होतो आणि तिथून वाटला जातो. राजकारण म्हणजे त्या वाटणीत आपला हिस्सा वाढवण्याची खटपट. तेलाचा भाव चढा असतानाही ही व्यवस्था बिघडलेलीच असते. भाव पडला की ती उघडी पडते, इतकेच.

हे पहिल्यापासून असे नव्हते. १९१४ साली लॉर्ड लुगार्ड यांनी उत्तर आणि दक्षिण असे दोन प्रदेश जोडून एक वसाहत केली, तेव्हा तिचा संसार शेतीवर चालत होता. उत्तरेत भुईमूग, पश्चिमेत कोको, पूर्वेत पामतेल. कानो शहरात भुईमुगाच्या पोत्यांची थप्पी पिरॅमिडच्या आकारात रचली जाई; ती चित्रे पुढे नोटांवर आणि टपाल तिकिटांवर झळकली. सरकारी पणन मंडळे शेतकऱ्याला लुबाडत होतीच, पण लुबाडायला तरी शेतकरी लागत होता. १९५६ साली शेल-बीपीला आजच्या बायेल्सा राज्यातील ओलोइबिरी गावाजवळ तेल लागले, १९५८ मध्ये पहिले जहाज रवाना झाले. १९६० साली स्वातंत्र्य मिळाले तेव्हा खनिजांच्या उत्पन्नातील निम्मा हिस्सा जिथे ते निघते त्या प्रांताला द्यायचा नियम होता. त्या वेळी तेलापेक्षा कोकोला जास्त भाव होता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती आकडे फुगू लागल्यावर. जानेवारी १९६६ मधले बंड, जुलैतले उलटबंड, उत्तरेत इग्बो लोकांच्या कत्तली आणि ३० मे १९६७ रोजी पूर्वेची बियाफ्रा म्हणून फारकत, हा क्रम अनेकांना ठाऊक असतो. त्याआधी तीनच दिवस, २७ मे रोजी, लष्करी सत्ताधीश जनरल याकुबू गोवन यांनी चार प्रांत मोडून १२ राज्ये केली, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. पूर्वेतील बरेचसे तेल इग्बोंच्या नव्हे तर इजॉ, ओगोनी अशा लहान समाजांच्या भूमीत होते. नव्या नकाशाने ही भूमी इग्बोंपासून अलग झाली. लढाई जानेवारी १९७० पर्यंत चालली, दहा लाखांहून अधिक माणसे मेली, त्यातली बहुतेक उपासमारीने. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने सारे तेल केंद्राच्या मालकीचे ठरवले. मूळ प्रांताचा निम्मा हिस्सा घटत घटत १९८० च्या दशकात दीड टक्क्यावर आला. राज्यांची संख्या उलट वाढत गेली : १२ ची १९, मग २१, ३० आणि १९९६ मध्ये ३६. प्रत्येक नव्या राज्याला राजधानी, गव्हर्नर, सचिवालय आणि केंद्राकडून येणारा मासिक हिस्सा. भाऊबंदकीत वाड्याच्या खोल्या पाडत जाव्यात तसा देश विभागला गेला, आणि दर खोलीला चूल वेगळी मिळाली तरी शिधा एकाच कोठीतून यायचा.

१९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचा भाव चौपट झाला तेव्हा या कोठीत मावेनासे झाले. गोवन सरकारने बराकी आणि बांधकामांसाठी सुमारे २ कोटी टन सिमेंट मागवले. १९७५ मध्ये लागोसच्या बंदराबाहेर सिमेंटची शेकडो जहाजे नांगर टाकून उभी होती. बंदराला इतका माल उतरवणे वर्षानुवर्षे शक्य नव्हते. जहाज थांबून राहिले की दर दिवसाचा दंड सरकारच्या अंगावर. मग काही चतुर लोकांनी केवळ दंड मिळावा म्हणून जुनाट जहाजे सिमेंट भरून पाठवली, अशी बोलवा झाली. बरेचसे सिमेंट दमट हवेत जहाजातच दगड झाले. जुलैत गोवन यांची सत्ता गेली. त्या धड्यातून टिन कॅन आयलंडचे नवे बंदर उभे राहिले, एवढेच पदरात पडले.

नायराला तेलाने बळ आले की परदेशी तांदूळ, गहू, कापड स्वस्त होते आणि घरचा शेतकरी मार खातो. अर्थशास्त्रात याला ‘डच डिसीज’ म्हणतात. नायजेरियात दुष्काळ आणि भुईमुगावरच्या रोगाची त्यात भर पडली आणि कानोचे पिरॅमिड दिसेनासे झाले. पामतेलात एकेकाळी जगात पहिला असलेला देश पुढे पामतेल आयात करू लागला. अशा वेळी नॉर्वेचे उदाहरण द्यायची प्रथा आहे. मला ते निरुपयोगी वाटते. नॉर्वेला तेल लागले तेव्हा तिथे कर भरणारे नागरिक आणि हिशेब देणारे सरकार आधीच होते. नायजेरियात राज्ययंत्रणा आणि तेल एकत्रच वाढले.

लष्करशहांचा काळ थोडक्यात सांगता येईल. १९८३ च्या अखेरीस मुहम्मदू बुहारी, १९८५ मध्ये इब्राहिम बाबांगिडा, मग १९८६ चा नाणेनिधी-छाप सुधारणा कार्यक्रम आणि नायराची घसरण. जून १९९३ ची निवडणूक एम. के. ओ. अबियोला जिंकत असल्याचे दिसताच ती रद्द झाली. नोव्हेंबरात सानी अबाचा आले. जून १९९८ मध्ये ते मेले तेव्हा त्यांनी परदेशी बँकांत ठेवलेले घबाड अब्जावधी डॉलरचे असल्याचे समोर आले. स्वित्झर्लंड, जर्सी, अमेरिका येथून ती रक्कम आजतागायत हप्त्याहप्त्याने परत येत आहे.

डेल्टाबद्दल मात्र थोडक्यात आवरता येत नाही. नायजर नदीच्या मुखाशी खाड्या, खारफुटी आणि मासेमारी करणारी गावे. लेखक केन सारो-विवा यांनी ओगोनी लोकांची चळवळ उभारली, १९९३ मध्ये शेलला तिथले काम थांबवावे लागले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी अबाचा राजवटीने सारो-विवा आणि आठ साथीदारांना फाशी दिले. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनीभूमीची तपासणी केली. निसिसिओकेन ओगाले या वस्तीत लोक ज्या विहिरींचे पाणी पीत होते, त्यांत कर्करोगकारक बेन्झीनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून जास्त निघाले. पूर्ण सफाईला २५ ते ३० वर्षे लागतील, असा त्या अहवालाचा अंदाज होता. सफाई प्रत्यक्ष सुरू होईपर्यंतच बरीच वर्षे उलटली. जून २०२५ मध्ये टिनुबू यांनी फाशी गेलेल्या नऊ जणांना मरणोत्तर माफी दिली. माफी गुन्हेगाराला देतात, आमच्या माणसांना निर्दोष जाहीर करा, असे ओगोनींचे म्हणणे. ते रास्तच आहे.

सनदशीर मार्ग बंद झाल्यावर डेल्टात बंदुका आल्या. वाहिन्या फोडणे, परदेशी कामगारांचे अपहरण, खंडणी. २००९ मध्ये राष्ट्राध्यक्ष उमारू यार'आदुआ यांनी शस्त्रे खाली ठेवणाऱ्यांना माफी आणि मासिक भत्ता देऊ केला. हिंसा उतरली, पण डेल्टातल्या पोरांना एक गणितही कळले : आवाज करणाऱ्याला वाटा मिळतो. त्या काळचे एक बडे बंडखोर म्होरके टोम्पोलो यांच्याशी संबंधित कंपनीला २०२२ मध्ये सरकारने तेलवाहिन्यांच्या राखणीचे कंत्राट दिले, वर्षाला ४८ अब्ज नायरांचे. त्याच वर्षी फोर्काडोस परिसरात चार किलोमीटरची एक बेकायदा वाहिनी सापडली. ती नऊ वर्षे तेल पळवत होती म्हणे. इतकी मोठी वाहिनी नौदल, पोलीस आणि कंपनीतल्या कुणाच्याच नजरेस पडत नाही, यावर डेल्टात कुणाचा विश्वास बसत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये देशाचे उत्पादन दिवसाला दहा लाख बॅरलच्याही खाली गेले होते. एके काळी ते पंचवीस लाखांच्या आसपास असायचे.

चोरीचे सगळेच तेल जहाजाने परदेशी जात नाही. खारफुटीच्या झाडीत पिंप तापवून ते गाळले जाते. स्थानिक लोक या भट्ट्यांना ‘क्पो-फायर’ म्हणतात. पोर्ट हारकोर्टमध्ये सकाळी खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवले तर काजळी लागते, ती बरीचशी या भट्ट्यांची. एप्रिल २०२२ मध्ये इमो आणि रिव्हर्स राज्यांच्या सीमेवर अशीच एक भट्टी उडाली आणि शंभराहून अधिक माणसे होरपळून मेली. शेलने मार्च २०२५ मध्ये किनाऱ्यावरचा आपला व्यवसाय रेनेसाँ नावाच्या समूहाला विकून टाकला आणि मुक्काम खोल समुद्रात हलवला. जुनी वाहिनी आणि जुने प्रदूषण आता कुणाच्या गळ्यात, हा वाद कोर्टात रेंगाळत राहणार.

आता अबुजाकडे येऊ. तिथे दर महिन्याला महसूल वाटप समिती बसते. उगमस्थानच्या राज्यांसाठी १९९९ च्या घटनेने ठरवलेले किमान १३ टक्के बाजूला काढले की उरलेल्या रकमेतले ५२.६८ टक्के केंद्राला, २६.७२ टक्के राज्यांना आणि २०.६० टक्के ७७४ स्थानिक संस्थांना जातात. दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे देशातल्या कुठल्याही पुढाऱ्याला झोपेत विचारा. अनेक राज्यांत ‘अलोकेशन’ आल्याशिवाय पगार निघत नाहीत. स्थानिक संस्थांचा पैसा गव्हर्नर मध्येच अडवून ठेवत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो थेट द्यायचा आदेश दिला, अंमल अजून अडखळत आहे.

बचत का होत नाही, याचेही उत्तर इथेच मिळते. २००४ च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांच्या सरकारच्या अर्थमंत्री एनगोझी ओकोन्जो-इवेला यांनी जादा उत्पन्न वेगळ्या खात्यात ठेवायची सोय केली आणि २००५ मध्ये धनको देशांच्या पॅरिस क्लबकडून ३० अब्ज डॉलरच्या कर्जातले १८ अब्ज माफ करून घेतले. खात्यात २० अब्ज डॉलरच्या आसपास शिल्लक जमली. गव्हर्नरांनी मग घटनेवर बोट ठेवले : सगळा महसूल सर्वांचा आहे, तो साठवायचा अधिकार केंद्राला कुणी दिला? कायद्याच्या अंगाने त्यांचा मुद्दा खोडता येत नव्हता. २०११ ते २०१४ या काळात तेल शंभर डॉलरच्या वर असतानाही खाते रिकामे होत गेले आणि २०१६ ची मंदी आली तेव्हा गंगाजळी नव्हती.

तेल देणाऱ्या राज्यातली भांडणे तर राजधानीपर्यंत पोचतात. रिव्हर्स राज्याचे गव्हर्नर सिमिनालायी फुबारा आणि त्यांचे एकेकाळचे पाठीराखे, आता केंद्रात मंत्री असलेले न्येसोम विके यांच्यातला तंटा इतका विकोपाला गेला की मार्च २०२५ मध्ये तिथे आणीबाणी लावून गव्हर्नर आणि विधानसभा दोघांनाही सहा महिने घरी बसवण्यात आले. भांडणाच्या मुळाशी तत्त्वाचा मुद्दा शोधणाऱ्याने शोधावा.

सबसिडीची गोष्ट यानंतर वाचली तर जरा वेगळी दिसते. कच्चे तेल विकणाऱ्या देशाला पेट्रोल आयात करावे लागे, कारण पोर्ट हारकोर्ट, वॉरी आणि कडुना येथील सरकारी रिफायनऱ्या दुरुस्तीवर कोट्यवधी डॉलर ओतूनही बंदच असायच्या. आयातदार बाहेरून पेट्रोल आणत, ठरावीक भावाला विकत आणि फरक सरकारकडे मागत. जितके लिटर कागदावर, तितकी भरपाई. न आलेल्या जहाजांचेही पैसे निघाले. स्वस्त पेट्रोल पिंपे भरभरून शेजारच्या बेनिनमध्ये जाई आणि तिथे रस्त्याकडेला काचेच्या बरण्यांतून ‘क्पायो’ म्हणून विकले जाई. २०१२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीने अब्जावधी डॉलरचा घोटाळा बाहेर काढला. त्या समितीचे अध्यक्ष फारुक लावान यांनाच, एका व्यापाऱ्याचे नाव यादीतून गाळण्यासाठी लाच घेतल्याबद्दल २०२१ मध्ये शिक्षा झाली. हे कुणी नाटकात लिहिले असते तर लोक अतिशयोक्ती म्हणून हसले असते.

तरीही जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन यांनी सबसिडी काढली तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले आणि सरकारला दोन आठवड्यांत बरेचसे माघारी यावे लागले. अर्थतज्ज्ञांना हा अडाणीपणा वाटला. मला तो हिशेबीपणा वाटतो. सरकार दवाखाना देत नाही, वीज देत नाही, संरक्षण देत नाही; तेलातला जो काही वाटा सामान्य माणसाच्या हाती पडतो तो फक्त पंपावर. तो सोडून द्या, वाचलेल्या पैशातून शाळा बांधू, हे आश्वासन कुणाच्या भरवशावर मानायचे? २०२३ मध्ये तिजोरीला दुसरा पर्याय उरला नव्हता, हेही खरे. आदल्या वर्षी केंद्राच्या महसुलाचा जवळजवळ सगळा भाग कर्जाच्या परतफेडीत जात होता. निर्णय आज ना उद्या घ्यावाच लागणार होता, पण घाव सोसायची तयारी न करता तो घातला गेला.

त्याचे पडसाद महाराष्ट्रापर्यंत आले. नायजेरियाच्या रस्त्यांवर प्रवासी वाहणारी ‘ओकाडा’ मोटरसायकल आणि ‘केके’ रिक्षा बहुतांशी बजाजच्या. नायजेरिया ही या कंपनीची परदेशातली सर्वांत मोठी बाजारपेठ होती. नायरा कोसळला तशी तिथली मागणी आटली आणि पुण्याच्या कंपनीच्या तिमाही निकालांत नायजेरियाचे नाव वारंवार येऊ लागले. तिकडे ओकाडावाल्याने भाडे दुप्पट-तिप्पट केले, आणि गिऱ्हाईक पायी चालू लागले.

महागाईचा दर डिसेंबर २०२४ मध्ये ३४.८ टक्क्यांवर होता. त्या वर्षी जुलैत किमान वेतन ३० हजारांवरून ७० हजार नायरा केले गेले. ५० किलो तांदळाचे पोते त्या पगारात बसत नव्हते. ऑगस्टमध्ये निदर्शने झाली, गोळीबारात माणसे मेली. नाताळच्या तोंडावर इबादान, ओकिजा आणि अबुजा येथे फुकट अन्न आणि पैसे वाटपाच्या ठिकाणी चेंगराचेंगरी होऊन साठाहून अधिक लोक दगावले. इबादानला मेलेली सारी मुलेच होती. नंतर किंमत निर्देशांकाचे आधारवर्ष बदलले, दर खाली दिसू लागला, नायराही थोडा स्थिरावला. वॉशिंग्टनमधल्या नाणेनिधीकडून शाबासकी मिळाली. बाजारात जाणाऱ्या बाईच्या पिशवीत मात्र त्याचा पुरावा शोधावा लागतो.

दुसरीकडे एक काम झाले आहे, त्याची नोंद घ्यायला हवी. लागोसजवळ लेकी येथे अलिको डांगोटे यांनी दिवसाला साडेसहा लाख बॅरलची रिफायनरी उभी केली. खर्च सुमारे २० अब्ज डॉलर, आखणीत आपली सरकारी कंपनी इंजिनिअर्स इंडिया, बांधकामावर हजारो भारतीय कामगार. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथून पेट्रोल बाहेर पडले. डांगोटे हे कानोचे भुईमूगसम्राट अल्हसन डांटाटा यांचे पणतू. म्हणजे भुईमुगाचा पैसा तीन पिढ्यांनी तेलात आला. गंमत अशी की या रिफायनरीला पुरेसे नायजेरियन तेल मिळेना, म्हणून अमेरिकेतून कच्चे तेल मागवावे लागले. सरकारी कंपनीने पुढच्या उत्पादनातले बरेचसे तेल आधीच कर्जापोटी तारण ठेवले होते. एका उद्योगपतीच्या हाती साऱ्या देशाचे पेट्रोल जाण्यातला धोकाही लहान नाही, पण सरकारी रिफायनऱ्यांचा अनुभव पाहता लोक तूर्त त्याकडे काणाडोळा करतात. पोर्ट हारकोर्टची रिफायनरी दीड अब्ज डॉलरच्या दुरुस्तीनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये वाजतगाजत सुरू झाली आणि मे २०२५ मध्ये पुन्हा बंद पडली.

विजेचे वेगळे सांगायला नको. वीस कोटींहून अधिक लोकांच्या देशात राष्ट्रीय जाळ्यातून बहुधा चार-पाच हजार मेगावॉट वीज मिळते. २०२४ मध्ये ते जाळे अनेकदा पुरते कोलमडले. वीज आली की गल्लीतली पोरे अजूनही ‘अप नेपा!’ म्हणून ओरडतात. नेपा ही वीज कंपनी इतिहासजमा होऊन वीस वर्षे झाली. दुकानदार, शिंपी, न्हावी सगळे छोट्या जनरेटरवर. त्यातल्या सर्वांत छोट्याला लोकांनी ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. पेट्रोल महागले की याच माणसांची वीजही महागते.

उत्तरेतला बोको हराम, २०१४ मध्ये चिबोकहून पळवलेल्या २७६ मुली, वायव्येतले खंडणीखोर, मध्य भागातले गुराखी-शेतकरी रक्तपात, या प्रत्येकाची कारणे वेगळी आहेत आणि ती सगळी तेलाला चिकटवू नयेत. दुवा इतकाच : जे राज्य गावाकडून कर घेत नाही, ते गावात पोचलेलेही नसते. आपला कारभार कोण चालवतो याविषयी लोकांचा उत्साह किती, ते मतपेटीत दिसते. २०२३ च्या निवडणुकीत नोंदणीकृत मतदार ९ कोटी ३४ लाख होते. मतदान सुमारे २७ टक्के झाले, आणि टिनुबू साधारण ८८ लाख मतांवर निवडून आले. शिकलेली तरुण पोरे मत देण्याऐवजी देश सोडतात. डॉक्टर आणि परिचारिका ब्रिटनमध्ये, प्रोग्रामर कॅनडात.

म्हणूनच मला सबसिडीपेक्षा जून २०२५ मध्ये सही झालेले चार करकायदे अधिक महत्त्वाचे वाटतात. त्यांतल्या मुख्य तरतुदी जानेवारी २०२६ पासून लागू झाल्या. देशाचे करउत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने जगात तळाशी राहिले आहे. ते वाढवायचे, तेलावरचे अवलंबित्व कमी करायचे आणि वर्षाला आठ लाख नायरांपर्यंत मिळवणाऱ्याला प्राप्तिकरातून सोडायचे, अशी योजना आहे. पण विधेयके संसदेत गेली तेव्हा खरी खडाजंगी झाली ती मूल्यवर्धित कर कुणाच्या वाट्याला किती, यावर. हा कर जिथे जमतो तिथेच जास्त द्यावा, तर लागोसची चांदी. उत्तरेचे गव्हर्नर खवळले, त्यांच्या मते माल उत्तरेत खपतो आणि कर मुख्यालय असलेल्या लागोसच्या नावावर लागतो. अखेर राज्यांच्या हिश्शातला निम्मा भाग समान, तीस टक्के खपानुसार आणि वीस टक्के लोकसंख्येनुसार वाटायचे ठरले.

लोकसंख्येनुसार म्हणजे कुठल्या, हा पुढचा प्रश्न. १९६२ ची जनगणना वादामुळे पुढच्या वर्षी पुन्हा घ्यावी लागली, १९७३ ची रद्द झाली, कारण प्रत्येक प्रदेशाने वाट्यावर डोळा ठेवून डोकी वाढवून दाखवली होती. शेवटची मोजणी २००६ सालची. २०२३ मध्ये ठरलेली नवी जनगणना नवे सरकार येण्याच्या तोंडावर पुढे ढकलली गेली.